पुढचा ब्रेक की मागचा

४ फेब्रुवारी

चि. मिरचीस,
मोठ्या काकाचे अनेक आशीर्वाद वि. वि.

पायाचं प्लास्टर परवा निघालं. आतून जो पाय बाहेर आला तो काटकुळा, पांढराफटक, माझा वाटेचना. तुझी काकू म्हणाली, आता पाय अकलेला शोभतो. ती अशी बोलायला लागली की घर मार्गावर येतंय असं मी धरून चालतो.

दुकान उघडतो. पंक्चर काढतो, चेन बसवतो. ब्रेकचं काम मात्र घेत नाही. गिऱ्हाइकाला पलीकडच्या गल्लीत पाठवतो. काकू म्हणते, हे म्हणजे न्हाव्यानं दाढीला नाही म्हणणं. खरं आहे, पण ब्रेकच्या वायरला हात लावला की बोटं आखडतात.

तुला एक विचारायचंय. तुझ्या बाबाला विचारलं की तो जाऊ दे भाऊ म्हणून विषय बदलतो. त्या उतारावर तुझ्या दादाच्या, आपल्या लंबूच्या सायकलचा पुढचा ब्रेक गेला की मागचा? ती सायकल मी माझ्या हातानं जोडली होती. तुमच्याकडे पाठवताना दोन्ही वायरी ओढून बघितल्या होत्या असं आठवतं, पण म्हाताऱ्याच्या आठवणीवर कुणी विसंबावं? सायकल भंगारात गेली नसेल तर तुटकी वायर पाकिटात घालून पाठव. चूक माझी असेल तर ती मला डोळ्यांनी बघू दे. पोराला शेवटचं भेटायलाही हा मेला पाय आडवा आला.

तू शाळेत जात नाहीस असं कळलं. रागावलेलो नाही. दोन घास नीट खातेस ना, एवढं कळव.

माया आहे तशीच असू दे.
तुझा मोठा काका


११ फेब्रुवारी

ती. मोठ्या काकांना,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. कागद फाडून फाडून टोपली भरली.

वायर पाठवत नाही, कारण ती तुटलेलीच नाही. सायकल जिन्याखाली उभी आहे. कालही खाली जाऊन बघितलं, दोन्ही ब्रेक घट्ट लागतात. सीट दादाच्याच उंचीवर आहे. मी चिडून खाली घ्यायचे, तो चिडून वर घ्यायचा, ते भांडण तुम्हाला माहीत आहेच.

काका, दादा उतारावर गेलाच नव्हता. त्यानं स्वतःच आपला जीव दिला. आमच्याकडे हे कुणी बोलत नाही. त्या दिवशी शेजारच्या मावशींनी दारात विचारलं आणि बाबांच्या तोंडून सायकल, उतार, ब्रेक असं काहीतरी निघालं. समोर जिन्याखाली सायकल दिसत होती म्हणून असेल. मग तेच सगळ्यांना सांगितलं गेलं, तुम्हालासुद्धा. ती कुणी जोडली हे त्या घटकेला बाबांच्या ध्यानीमनी नव्हतं. नंतर आलं असेल, पण तोंडातून गेलेलं परत घेता येईना.

शाळेत सगळे ब्रेकचं विचारतात आणि मला सांगावं लागतं. माझ्या मैत्रिणीच्या आईनं तिची सायकल बंद केली. ती आता माझ्यामुळे चालत जाते. म्हणून मी जातच नाही.

तुमचं पत्र वाचून आई ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. मग म्हणाली, लिही त्यांना खरं. बाबांना माहीत नाही.

अजून एक. आदल्या संध्याकाळी दादा मला म्हणाला होता, चल, एक चक्कर मारून येऊ. मी म्हटलं, तू हल्ली फार कंटाळवाणा झालायस. गेले असते तर?

बाबांना रागावू नका. रागावा, पण थोडंसंच.

तुमची
मिरची (तिखटपणा संपलेली)


१६ फेब्रुवारी

चि. मिरचीस,
काकाकडून भरभरून आशीर्वाद.

पत्र वाचलं, दुकानाचं शटर ओढलं आणि पोटभर रडलो. आजवरचं निम्मं रडू माझ्या या हातांसाठी होतं. आजचं सगळं लंबूचं.

रागावलो. थोडंसं नाही, चांगलाच. तुझ्या बाबाला फोन केला. तो म्हणाला, भाऊ, तू ब्रेकवरून स्वतःला खात असशील हे कळत होतं, तरी तोंड उघडेना. मी म्हटलं, गाढवा, लहानपणी काच फोडलीस की माझंच नाव सांगायचास. तो त्यावर हसला की रडला ते समजलं नाही. पोराला बट्टा लागू नये म्हणून केलं त्यानं. आजारी मनानं गेलेल्या पोराला कसला आलाय बट्टा?

आता तुझं. इतके दिवस मी धडधाकट वायरी मनातल्या मनात ओढून बघत होतो. तू तेच चालवलंयस. न मारलेल्या एका चकरेला तुटका ब्रेक समजून बसलीस. बहिणीनं भावाला कंटाळवाणा म्हणायचं नाही तर कुणी म्हणायचं? एवढ्यातेवढ्यानं माणूस जात नसतो. त्याच्या मनात काय साचलं होतं ते आपल्याला पुरतं कधीच कळणार नाही. हे मला पेलत नाही, तुला एकटीला कुठून पेलेल? शाळेत समुपदेशक बाई आहेत म्हणे, त्यांच्याकडे आईला घेऊन जा.

आणि सरळ विचारतो, सरळ उत्तर दे. तुलाही जगणं नकोसं वाटतं का? वाटलं तर तिथल्या तिथे आईला सांग, मला फोन कर. वेळकाळ बघू नकोस. काकू तशीही माझ्या घोरण्यानं जागीच असते.

रविवारी येतो. तोवर सीटला कुणाला हात लावू देऊ नकोस. आमच्या कामात काहीही सैल करण्याआधी खूण करतात. सीटच्या दांडीवर लंबूच्या उंचीला कानशीनं एक रेघ मारू, मगच सीट तुझ्या उंचीला घेऊ.

येतोच आहे, तेव्हा बाकीची माया समक्ष.
मोठा काका


२ मार्च

ती. मोठ्या काकांना,
सा. न.

तुम्ही गेल्यावर बाबांनी शेजारच्या मावशींना दारात थांबवलं आणि खरं सांगितलं. त्या बाबांचा हात धरून तशाच उभ्या राहिल्या. मी मैत्रिणीला शाळेच्या फाटकात सांगितलं. आधी ती रडली, मग म्हणाली, म्हणजे मी उगाच तंगडतोड केली. आम्हाला दोघींना हसू आलं आणि नंतर मला फार वाईट वाटलं. समुपदेशक बाई म्हणतात, दोन्ही चालतं.

तुमच्या सरळ प्रश्नाचं सरळ उत्तर, कधीकधी वाटतं. बाईंना सांगितलंय, आईलाही. आई हल्ली माझ्या खोलीत झोपते आणि पांघरूण पळवते.

काल पहिल्यांदा सायकल नेली. उतारावर दोन्ही ब्रेक दाबत गेले, मागून येणारे ओरडत होते. सीट खाली घेतल्यामुळे तुम्ही मारलेली रेघ नळीत गेलीय, वरून दिसत नाही. आधी मला ते आवडलं नव्हतं. पण बसल्यावर कळलं, ती माझ्या बरोबर खालीच आहे.

ब्रेकची गिऱ्हाइकं आता परत पाठवू नका. काकूंना नमस्कार, आणि तुमचा लोभ आम्हा तिघांना पुरेल एवढा राहू द्या.

तुमची
मिरची