आईच्या मांडीवरची अकरा

चिरंजीव शरणप्पा यास लक्ष्मम्मा आजीचा डोईवरून हात फिरवून आशीर्वाद. तब्येत कशी हाय? कचेरीतल्या खुर्चीनं अंग सुटलंय म्हणे. वस्तीवर ये, दोन दिवसांत उतरवते. आमी सुखरूप. (मास्तर, 'सुखरूप' खोडा. त्याच शब्दानं घोटाळा केलाय.)

झालं असं. तुमच्याच कचेरीतला एक साहेब जाडजूड वही घेऊन आला. दवाखान्याची नड कुठं जास्त, ते म्हणे वहीवरून ठरणार. मुरुम गावाला डॉक्टर हाय, आमच्या वस्तीला निस्त्या बाभळी. म्हणून बाया हौसेनं बसल्या. त्यानं विचारलं, देवी आल्या होत्या का? (देवीला रोग म्हणायची कुणाची छाती!) शांताक्का म्हणाली, "आल्या, मान घेतला, खुशीत गेल्या." पोरं किती? तीन. कुठं हायत? "एक शेताला, दोन आईच्या मांडीवर." आई म्हणजे देवीच; तिनं नेलेल्या लेकरांना दुसरं काय म्हणावं? साहेब शहरातला. त्यानं लिहिलं, आईजवळ, सुखरूप. असं घरोघर. लेखणीच्या फटक्यात अकरा पोरं जिती केली बघ. एवढं कुठल्या डॉक्टरला जमलं न्हाय.

महिन्याभरात त्या अकरांच्या नावानं भुकटीचं दूध आलं. भर दुपारी चावडीपुढं साहेबानं पेले मांडले अन् एकेक नाव मोठ्यानं पुकारलं. शरणप्पा, चार वर्षं आमी जी नावं तोंडी आणली न्हाईत, ती! कुत्री गप झाली. वारा पडला. "कुठायत सगळी?" साहेब म्हणे. बानूबाई बोलून गेली, "येतील, खेळत असतील." तो भरलेले पेले ठेवून गेला, अन् आमी पदर तोंडाला लावून घरात पळालो. घटकेनं बघितलं तर अकराही पेले रिकामे, पुसून ठेवल्यासारखे. मांजरानं पिऊन टाकलं, असं मी सगळ्यांना ठासून सांगितलं. (वस्तीत मांजर न्हाय, अशी मास्तर उगाच आठवण करून देतायत.)

मग वरून हुकूम आला: या वस्तीत लेकरं दगावत न्हाईत, दवाखान्याची गरज न्हाय. तुझी वहिनी सातव्या महिन्यात हाय, म्हणून मला हसू जरा कमी येतंय.

सांगणार मी, लिहिणार रामलिंग मास्तर, चुका त्यांच्या.

ता. क. वही तुझ्याच कचेरीत हाय. सोबत यादी धाडते. प्रत्येक नावापुढं सरळ 'मेलं' असं लिहून घे. आयांना विचारलंय. तोंडानं कुणी बोललं न्हाय, माना हलवल्या.

आणखी एक. मास्तर म्हणतात यादीत दहाच नावं झाली. अकरावी आपली तारामती, तुझी धाकटी बहीण. साहेबाला विचार, दहावर दवाखाना मिळतो का. मिळत असंल तर तिला वहीत जिती राहू दे. न्हाय मिळाला, तर मला विचारू नको. तुझ्या हातानं लिही.