मोहिनीवहिनींचा उजवा हात

३ जानेवारी
आज या घरात आले आणि लगेच जीव रमला. शहाद्याच्या पुढे तापीकाठी गूजरांचं गाव, मागे केळीची बाग, माझ्या खोलीला मोठी खिडकी. धाब्यावरून, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावरून, पडून डोक्याला मार लागलेल्या मोहिनीवहिनींचे व्यायाम मी घ्यायचे. वाचा गेली आहे, उजवा हात-पाय लुळा. त्यांचे भाऊ गिरधर यांनी हट्टाने मला नेमलं. नवरा धीरजभाऊ फार मायाळू, स्वतः भरवतात. मला ‘संध्याबेन’ म्हणतात. स्वयंपाकाच्या रंजनाबाईंनी कळण्याची भाकरी वाढली, वर ठेचा. आमच्या खांडबाऱ्याची आठवणही झाली नाही!

११ जानेवारी
रंजनाबाईंना समजावलं : मेंदूचा एक भाग मेला तरी दुसरा भाग हळूहळू त्याचं काम शिकतो. पाट बुजला की पाणी शेजारून वाट काढतं, तसं. पण पाणी रोज सोडावं लागतं. त्या म्हणाल्या, मग सोडा की! आणि काम करता करता श्रावणातलं कानबाई देवीचं गाणं म्हणू लागल्या. वहिनींच्या तोंडून चालीसकट शब्द आले! बोलणं गेलं तरी गाणं राहतं, हे शिकले होते, आज पाहिलं. आम्ही तिघी रडलो. धीरजभाऊंना सांगितलं तेव्हा ते हसले, पण ताट तसंच ठेवून उठले.

२ फेब्रुवारी
आता चालीवर ‘पाणी’, ‘भूक’ येतं. आज विचारलं, पडलात कशा? वहिनी बराच वेळ नुसते ओठ हलवत राहिल्या. मग त्याच चालीवर, गोड सुरात :
“धीरजनी माले ढकली दिधं.”
दारात धीरजभाऊ उभे होते, हातात सोललेलं केळं. म्हणाले, डोक्याला मार लागला की माणूस काहीही बरळतं, नाही का बेन? आणि भरवायला बसले. वहिनींनी मुकाट तोंड उघडलं. नजर मात्र त्यांच्या गळ्यावर.

५ फेब्रुवारी
गिरधरभाऊंना फोन लावत होते. वहिनींनी माझं मनगट पकडलं — उजव्या हाताने. त्या हाताचं बोटही हलत नाही असं मी समजत होते. त्यांनी मान हलवली. नको. मनगटावर वळ उठलेत.

९ फेब्रुवारी
धीरजभाऊ म्हणतात, उपचार पुरे, उद्या निघा. दुपारी ते धाब्यावर मिरच्या पसरायला गेले. खिडकीतून पाहिलं — वहिनी धाब्याचा जिना चढत होत्या. काठी नाही. माझ्याकडे पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं.
मी ओरडले नाही. का नाही ओरडले —

२७ फेब्रुवारी
धीरजभाऊंना दवाखान्यातून आणलं. वाचा गेली, उजवी बाजू गेली. गाव म्हणतं, पाय घसरला. गिरधरभाऊ मला म्हणाले, थांबा, आता यांचे व्यायाम घ्या. मी म्हटलं, सुरुवातीचे दिवस मोलाचे. आत्ता केलं तर बोलतील. हे मी वहिनींसमोर बोलून बसले.

२८ फेब्रुवारी
सकाळी धीरजभाऊंचा हात धरला. अंगठा हलला. खरंच हलला. ओठही — म — मो —
वहिनी दारात. चाल नाही, सूर नाही, स्वच्छ बोलल्या :
“संध्या, त्याले हात लावू नको. त्याले असंच ऱ्हाऊ दे.”

दुपार
वहिनींनी रंजनाबाईंना गावाला धाडलंय. माझा फोन सापडत नाही. पलीकडे ते कण्हताहेत. वहिनी मला धाब्यावर बोलावताहेत. एकदा. पुन्हा. आता हाक बंद —
जिना उतरताहेत. पाय ओढत नाहीत. मी दार लावलंय, पण कडी —