रंगवलेला माठ

माय, आज तुझ्याशी भांडायचं आहे. सकाळपासून घरात नुसत्या येरझारा घालतेय, भात करपवला, आणि कारण काय, तर ओट्याजवळचा माठ. माझ्या लेकीनं रंगवलाय. मोर, वेली, पळसाची फुलं, सगळं तैलरंगात, बोट घसरावं असं गुळगुळीत. बाहेर ऊन असं की जैनथच्या बसमधून उतरलं की चप्पल डांबराला चिकटते, आणि माठातलं पाणी कोमट.

तुला आठवतं? मामा निर्मल गावी लाकडी खेळणी रंगवायचा. उरलेल्या रंगाचे डबे त्यानं मला आणून दिले आणि मी आपला नवाकोरा माठ चहूकडून रंगवून टाकला. किती पारखून आणला होतास तो! कुंभारणीपाशी बसून आधी टिचकी मारायचीस, मग पाणी ओतून थांबायचीस, बाहेरून ओल फुटते का ते तळवा लावून बघायचीस. माठ कोरडाच राहिला तर म्हणायचीस, "ह्याले घाम नाही येत, हा नको." आणि माझा रंग बघून काय म्हणालीस? "साजरा झाला व माय." त्या उन्हाळ्यात बाबा शेजारी जाऊन पाणी पिऊन यायचे, ताई नाक मुरडायची. तू मात्र रानात कापसाच्या पऱ्हाट्या उपटून लालबुंद तोंडानं यायचीस आणि त्याच माठात तांब्या बुडवायचीस. मी विचारायचे, "गार हाये ना?"

"बरफावानी," तू म्हणायचीस.

पुढं शाळेत सरांनी सांगितलं, की माठाच्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात. त्यांतून पाणी झिरपतं आणि वाळता वाळता आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. रंगानं भोकं बुजली की संपलं. मी धावत घरी आले, तुला शिकवायला. तू भाकर थापत होतीस. सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "असं हाये काय?" तेव्हापासून मला कारणं सांगायची खोडच लागली. भाकर वाफेनं फुगते, पंखा हवा गार करत नाही, नुसता आपला घाम वाळवतो. कुणी विचारो न विचारो, मी सांगणारच. लेक म्हणते, आई म्हणजे चालतीबोलती शाळा.

आणि तीच मी यंदा उन्हाळाभर गप्प बसले. लेकीनं विचारलं की "बरफावानी" म्हणायचं. जीभ नुसती वळवळायची. पोरीशी खोटं बोलतेय का मी? तू बोललीस ते बरोबर होतं का? खरं कळलं तेव्हा मला तुझा रागही आला होता, कारण माझ्या माठातलं पाणी बरफावानी, असं सांगत मी गावभर मिरवले होते.

काल लेक शाळेतून धावतच आली. "आई, रंगानं माठाची भोकं बुजतात! म्हून पाणी गार होत नाही!"

माझ्या तोंडून निघून गेलंच, "असं हाये काय?"

ती थांबली. "तुले माहीत होतं ना? मंग पेत काऊन होती?"

का पीत होतीस, हे तू होतीस तोवर मी तुला कधी विचारलं नाही, माय. तिला अजून उत्तर दिलेलं नाही. ती म्हणते, नवा माठ आणू, आणि मी टाळतेय. तू गेलीस, आता हा कागदही कुठं टाकणार, पिठाच्या डब्याखाली राहील. लिहिता लिहिता उठून त्याच माठातलं पाणी पिऊन आले. खरं सांगते, तहान भागत नाही. तुझी कशी भागायची?