राइडची मॅनेजर मीच

३ फेब्रुवारी, सकाळ
चिरंजीवा, हे मला परत वाचून दाखवायला बसशील तेव्हा आधी घरभर चष्मा शोधशील. तो कपाळावर आहे. मला अक्षर येत नसलं तरी माझ्या वस्तू जागच्या जागी असतात. हेही लिही.
तर, सूनबाई सायकल राइड करणार. आमच्या नातीला, भुंगीला, डायबेटिस आहे. जेवणाआधी इंजेक्शन, दंडाला साखर मोजणारा सेन्सर. ज्या मुलांना सेन्सर परवडत नाही त्यांच्यासाठी निधी जमवायचा. कल्पना सूनबाईची. कल्पना काय, कुणालाही सुचते. मॅनेजर मी.

८ फेब्रुवारी
ट्रेनिंग सुरू. माझ्या गुडघ्यांसाठी आणलेली खोलीतली सायकल मारून दाखवली. सूनबाई म्हणाली, पेडल फिरताना दिसत नाहीत. म्हटलं, ब्रेकचा सराव चाललाय. उद्यापासून रोज पहाटे.

९ फेब्रुवारी
पहाट फार थंड होती. उद्यापासून.

१५ फेब्रुवारी
पेंटरकडून कापडी फलक रंगवून आणला. ‘आमच्या आजारी भुंगीसाठी.’ भुंगीने वाचला आणि म्हणाली, "मी आजारी नाहीये, आजी. मला डायबेटिस आहे." म्हटलं, तेच ते. तर म्हणे तेच नाही, आणि मी राइडला येणारच नाही. सूनबाई म्हणते, ती नाही तर मीही नाही. दोघींचा पारा एकाच दुकानातला. फलक बदलणार नाही. डोळ्यात पाणी आल्याशिवाय लोकांचा हात खिशात जात नाही.

२० फेब्रुवारी, दुपार
फलक धरून गल्लीभर फिरले. लोक फार खूश. दूधवाला तर हसता हसता पायरीवर बसला. सगळ्यांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली. मॅनेजरला मान असतो.

२० फेब्रुवारी, संध्याकाळ
चिरंजीवाने फलक वाचून दाखवला. कारटीने ‘भुंगी’ खोडून ‘आजी’ लिहिलंय. आमच्या आजारी आजीसाठी!
जाब विचारला. ती म्हणाली, "कसं वाटलं?"
मी गप्प बसले असं लिहू नकोस. विचार करत होते असं लिही.

२२ फेब्रुवारी
फलक आतल्या कपाटात, उलटा. तडजोड माझीच. भुंगी येणार, पण हात हलवत उभी राहायला नाही. शेवटचा टप्पा ती आईबरोबर सायकलवर करणार. सूनबाई घाबरली, वाटेत साखर उतरली तर? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तपासत राहा, खात राहा, चालवू दे. हे मी आधीच म्हटलं होतं. चिरंजीव म्हणतो, नव्हतं. लिहिणाऱ्याने मध्ये बोलू नये.

१ मार्च, सकाळ
फोनवरून सांगतेय. चिरंजीव घरी, स्वयंपाकावर. सूनबाई पुढे, मी मागे पेंटरच्या गाडीत, खिडकीतून सूचना देतेय. ती एकही ऐकत नाही. वारा असेल. ती घाम गाळणार आणि मी खात बसणार? राइड संपेपर्यंत अन्नाला शिवणार नाही. शेजारी बसलेल्या भुंगीने विचारलं, खाल्लंस का? म्हटलं, पोटभर.

१ मार्च, दुपार
प्रथमोपचाराचा तंबू.
शेवटच्या टप्प्यात भुंगी साखर तपासायला थांबली. तिची अगदी व्यवस्थित. शाबासकी द्यायला मी गाडीतून उतरले, तर रस्ताच उठून माझ्याकडे आला. भुंगीने मला सावलीत टेकवलं, खिशातल्या ग्लुकोजच्या गोळ्या माझ्या तोंडात घातल्या, रंग परत येईपर्यंत हात धरून बसली. सूनबाई म्हणाली, आता राइड राहू दे. भुंगी म्हणाली, "का? पडली आजी, मी नाही." आणि आईला मागे टाकून गेली. पोचली म्हणे, टाळ्या इथवर आल्या. मी पाहिलं नाही. अख्ख्या राइडची पेशंट एकच, आणि तिला उठायची परवानगी नाही.
नर्स संध्याकाळपर्यंत सोडत नाही. डबा पाठव. पाव, लोणी, दोन उकडलेली अंडी, मीठ वेगळ्या पुडीत. सूप नको. सूप आडव्या माणसांचं. मी बसलेय.