वसंताची अमेरिका

११ ऑगस्ट
गणपतीच्या कमिटीत आता सगळी पुण्याहून आलेली आयटीची पोरं. त्यांचा अध्यक्ष निनाद घरी आला. "काका, यंदा तुमचा वाद वीस मिनिटांत. आणि बाजू बदलून! तुम्ही अमेरिकेकडून, वसंतकाका रशियाकडून. फुल्ल कॉमेडी!" कॉमेडी म्हणे! 'रशिया की अमेरिका' हा वाद मी नि वसंतानं तरुणपणी सुरू केला. जग अणुबॉम्बवर बसलेलं तेव्हा. मंडप गच्च, माणसं हमरीतुमरीवर यायची. या पोरट्याला सोव्हिएत युनियन कुठं होतं तेही धड ठाऊक नाही. नकोच म्हणणार होतो. वसंता हो म्हणालाय कळलं. मग मीही हो.

१७ ऑगस्ट
अमेरिकेच्या बाजूनं मुद्दे काढायला बसलो. चंद्र. मग पीएल-४८० चा गहू... तो भिकेचा लाल गहू मी स्वतः रेशनच्या रांगेत उभं राहून आणलाय, त्याचं कौतुक कुठल्या तोंडानं करू? पुढं काही सुचेना. सुमन म्हणाली, "वसंतभावजींना विचारा की." बायको असून टोमणे मारते. स्टेजवरून उतरलो की आम्ही बोलत नाही, हे तिला पक्कं माहीत. क्रेमलिनवरचा लाल झेंडा उतरला, त्याच्या दुसऱ्या दिवशी या माणसानं आमच्या गल्लीत येऊन पेढे वाटले. माझ्या दारातही आला, दात काढत. मी पुडा गटारात फेकला. तेव्हापासून बोलणं बंद. मरेपर्यंत विसरणार नाही.

३१ ऑगस्ट
नाक कापलं गेलं. चार मिनिटांत माझी अमेरिका संपली. मग वसंता उठला. भिलाईचा पोलाद कारखाना, सातवं आरमार, व्हिएतनाम... सगळं माझंच भाषण! ऐन मुद्द्यावर थांबून पाणी प्यायची माझी लकबसुद्धा. टाळ्या थांबेनात. हेच माझ्या तोंडून ऐकताना लोक जांभया द्यायचे. नुसता जळफळाट.
घरी आल्यावर सुमन: "त्यांनी तुमचं इतकी वर्षं ऐकलं. ते बोलायला उठले की तुम्ही कागद चाळत बसायचात."
ताट घेऊन टीव्हीसमोर जाऊन बसलो.

५ सप्टेंबर
सुमनला बेगम बाजारात वसंताची मुलगी मीनल भेटली. ती बापाला न्यू जर्सीला कायमचं न्यायला आलीय. एकटा राहतो, दोनदा पडला. आणि वसंता जायला तयार नाही! रोज भांडणं. हसून हसून पुरेवाट झाली माझी. जन्मभर अमेरिकेची आरती ओवाळलीस ना लेका? जा की आता! तडक कोठीतल्या मिठाईवाल्याकडं जाऊन अर्धा किलो पेढे घेतले.

७ सप्टेंबर
काल विसर्जनामुळं रस्ते बंद. आज गेलो वसंताकडं. निम्मं घर खोक्यांत. पेढे बघूनच वसंताला कळलं. "क्या मियां, हिसाब बराबर करने आए?" शाळेत असताना दखनीत बोलायचो तसंच. मी म्हटलं, "हौ." त्यानं एक पेढा तोंडात टाकला. सावकाश खाल्ला.
मग म्हणाला, "एक काम कर. अमेरिका किती वाईट आहे ते मीनलला सांग. मला तुझं भाषण पाठ आहे रे, पण माझ्या तोंडून ते तिला खोटं वाटतं."
मला वाईट वाटलं. वाटायला नको होतं.

८ सप्टेंबर
बोललो मीनलशी. आरमार-बिरमार काही नाही. म्हटलं, पोरी, तिथं याला भांडायला कोण आहे? बर्फाकडं बघत खिडकीशी बसून राहील नुसता.
सगळं ऐकून घेतलं तिनं. "मान्य, काका. राहू दे बाबांना इथंच. पण पडले तर उचलणार कोण? तुम्ही?"
वसंता माझ्याकडं बघत होता. मी पाणी मागितलं. प्यायलो. थांबलो.
उद्या सांगतो म्हणून उठलो.
आमची मागची खोली रिकामीच असते. सुमनला अजून विचारलं नाही. कसा विचारू? तो आपल्या घराचा उंबरा चढला तर मी घर सोडीन, असं तिला मीच ओरडून सांगितलेलं.