पडवी तेवढी राहू दे

भरूच, मंगळवार

हरेशदादा,

तुला आणि सोनाली वहिनीला नमस्कार. आयच्या पाया पडते.

आम्ही सुखरूप पोचलो. या सुट्टीत तुम्ही आमचे जेवढे लाड केलेत, तेवढे इथे वर्षभर होत नाहीत. रोशनी अजून शेजारणींना सांगत फिरते, माझा वाढदिवस मामाच्या नव्या घरात झाला म्हणून. शहापूरहून मोटरसायकलवर आणलेला केक निम्मा झाकणाला चिकटला होता, तेही सांगते!

घर खरंच छान केलंस. पांढऱ्याशुभ्र लाद्यांवर हे तर वाकून हात फिरवून बघत होते. वहिनीचं सारवायचं काम सुटलं, ते बरं झालं. तिची पाठ आता कशी आहे?

एक सांगू? रागावू नको. फोन तू स्पीकरवर ठेवतोस, आय शेजारीच असते, म्हणून लिहितेय.

आत लादीवर आय भिंतीला हात लावून चालते. घसरायला होतं तिला. मी विचारलं तर म्हणाली, "हरेशला बोलू नको गो. हौसेनं केलंय त्यानं. मला काय होत नाय." दिवसभर पडवीत बसते आणि वाऱ्याला बसले म्हणते.

दिवाळीआधी पडवीलाही लादी घालणार म्हणालास. दादा, ती तेवढी शेणाची राहू दे. मी येईन तेव्हा मी सारवीन. रोशनीच्या मागे आय तिथे पळत होती, आठवतं? दोन्ही हात मोकळे होते तिचे.

तुझी,
रुपाली