होडीच्या रंगाचा व्हिडिओ गेम

११ जानेवारी २००४, रविवार

आजपासून आयुष्याला वळण. अरशद दोह्याहून कायमचा परत आलाय. माळा साफ करताना त्याला एक जुना व्हिडिओ गेम सापडला. त्याच्या वडिलांनी बोटीवर नोकरीला असताना हाँगकाँगहून आणलेला. लाल-पांढरा. म्हणजे पांढरा होता, आता जुन्या कवळीच्या रंगाचा झालाय. अरशद म्हणाला, असाच ने. मी म्हटलं, धंद्यात मैत्री आणायची नाही. कसला धंदा ते त्याला कळलं नाही आणि मी कळू दिलं नाही. पैसे दिले. किती ते इथे लिहीत नाही, वही मनस्विनीच्या हाती पडू शकते.

संकल्प: हा गेम सुधारून जगातल्या मोठ्या संग्राहकांपैकी एखाद्याला विकायचा. मग दुसरा, मग तिसरा. जूनमध्ये कॉलेजच्या ऑफिसात राजीनामा. रोजनिशी रोज लिहिणे.

१२ जानेवारी

टीव्हीला जोडला. चालतो! सावनीने तासभर विमान उडवलं. मनस्विनी हातात उलथनं घेऊन बघत उभी राहिली. अप्पा झोपाळ्यावरून विचारत होते, कोण कोणावर गोळ्या झाडतंय. पण माझ्या नजरेतून काही सुटत नाही. चित्रात मुंग्या आहेत. आवाजात खरखर. असला माल संग्राहकाला देणं मला शोभणार नाही. बंद करून डब्यात ठेवला. सावनी रडली.

१७ जानेवारी, शनिवार

मारुती मंदिरजवळच्या सायबर कॅफेत दोन तास. जुन्या गेमवाल्यांचा ग्रुप सापडला. अमेरिकन, जपानी, आणि मुलुंडचा एक अनिश नावाचा मुलगा. त्याला पत्र टाकलं. शिवाय मोठा शोध लागला. अँटेनाच्या वायरीतून चित्र आणायची पद्धत जुनी झाली. हल्ली गेम उघडून आतूनच चित्र बाहेर काढतात. एक ट्रान्झिस्टर, चार फुटकळ पार्ट. बी.एस्सी.ला माझं फिजिक्स होतं, त्यामुळे हे मला झोपेतही जमेल. कृतीची सात पानं होती. सहा प्रिंट झाली आणि लाइट गेले. सातव्या पानावर आभारबिभार असतील.

२४ जानेवारी

अनिशची मेल. पोरगा हरखलाय. हाँगकाँगचं मॉडेल तो किती दिवस शोधतोय म्हणे. घेणार म्हणजे घेणार. पुढे लिहितो, ‘प्लीज काही करू नका. उघडू नका, पुसूसुद्धा नका. आहे तसा पाठवा.’ मुलगा संस्कारी दिसतो. मला त्रास नको म्हणून लिहितोय. त्याला चकित करायचं ठरवलं.

३१ जानेवारी

अप्पांचं आंबापुराण. मोहोर झकास आलाय, तुडतुड्याची कीड पडायच्या आत फवारणी व्हायला हवी, उद्या बागेत येतोस का? मी म्हटलं, उद्या सोल्डरिंग आयर्न आणायचंय. तेव्हा त्यांनी स्पष्टच विचारलं. गुडघ्यांनी आता होत नाही. अक्षय्य तृतीयेपर्यंत सांग, कलमं तू बघणार, की दहा वर्षांच्या कराराने कोणाला देऊन टाकू?

विचार करतो म्हटलं. खरं तर विचार कसला करायचाय. आंबा म्हणजे दोन महिन्यांचा जुगार. थंडी, वारा, माकडं, दलाल. माझं क्षेत्र टेक्नॉलॉजी आहे हे या घरात कोणाला पटतच नाही, याचा मात्र मनस्वी संताप येतो.

८ फेब्रुवारी, रविवार

गेम उघडला. आत वाळलेलं झुरळ. हाँगकाँगचं की इथलं ते सांगता येत नाही. बाकी सगळं ओळखीचं वाटलं. स्क्रू वाटीत ठेवले होते. मनस्विनीने वाटी घासायला टाकली. एक स्क्रू मोरीत गेला. या घरात संशोधन होणं कठीण आहे.

१५ फेब्रुवारी

आयर्न जरा जास्त तापलं. बोर्डावरचा तांब्याचा एक पट्टा सुटून हातात आला. नीट निरीक्षण केलं. हा पट्टा अनावश्यक असावा. मूळ डिझाइनमध्ये असे दोष राहतात.

अप्पा एकटेच फवारणीला गेले. येताना रिक्षाने आले, म्हणजे गुडघे दुखत असणार. रविवारी मी असतो हे माहीत असून रविवारीच जातात.

२२ फेब्रुवारी

जोडून पाहिला. खरखर पूर्ण गेली. आवाजच नाही. चित्रही नाही. व्होल्टेज कमी असावं. सातव्या पानासाठी कॅफेत गेलो, तर आता ती साइट उघडत नाही. आपल्याकडे इंटरनेट आणलंच कशाला?

७ मार्च, रविवार

चित्र आलं! काळं-पांढरं आणि जरा तिरकं, पण आलं. सगळ्यांना हाका मारल्या. सावनी म्हणाली, बाबा, आधी रंगीत होतं. लहान मुलांना तंत्र समजत नाही. मनस्विनीला समजायला हवं होतं, पण तीही सरळ आत गेली. दहा मिनिटांनी चित्र गेलं. जुना अ‍ॅडॉप्टर दमला असणार. नवा आणणे.

१४ मार्च

नव्या अ‍ॅडॉप्टरला प्लस-मायनस उलटसुलट करायचं बटण आहे. ते कुठल्या बाजूला ठेवायचं हे बहुधा सातव्या पानावर होतं. मी एक बाजू निवडली. बारीकसा धूर आला. मनस्विनीने स्वयंपाकघरातून विचारलं, उदबत्ती लावलीत का? हो म्हटलं.

आतलं काम इथे थांबवतो. आतलं कोण बघतंय? संग्राहक आधी बाहेरचं रूप बघतो. उद्यापासून रूपाकडे लक्ष.

२१ मार्च, गुढीपाडवा

पिवळेपणावर उपाय: ऊन. कपडे उन्हाने पांढरे होतात, तर प्लास्टिकने काय पाप केलंय? अंगणातल्या चिऱ्यांच्या पारावर अप्पांच्या काजूबिया वाळत होत्या, त्यांच्या शेजारी गेमचं वरचं कव्हर ठेवलं. श्रीखंड-पुरी झाली. डोळा लागला. उठून बघतो तो कव्हरचा पापड झालेला. काजूबिया मात्र सावलीत. अप्पांनी दुपारी हलवल्या होत्या. मी विचारलं, माझं का नाही हलवलंत? म्हणाले, तुझ्या वस्तूला हात लावलेला तुला चालत नाही.

कव्हर आता खालच्या भागावर बसत नाही. फटीतून हवा खेळती राहील. सणाच्या दिवशी रागवायचं नाही असं ठरवलं होतं, तरी रागावलो. कोणावर ते नक्की नाही.

४ एप्रिल, रविवार

पिवळेपणाचा कायमचा निकाल लावला. मिरकरवाड्यात अरशदचे चुलते अलीचाचा होडी रंगवत होते, त्यांच्याकडून उरलेला निळा रंग आणला. समुद्रात टिकतो, तर मुलुंडात टिकेलच. दोन हात मारले. या मॉडेलला कोकण एडिशन असं नाव देणार.

तेवढ्यात अरशद आला. त्या निळ्या गेमकडे बघितलं. चालतो का, एवढंच विचारलं. सुधारणा चालू आहेत म्हटलं. पण तो आला होता अप्पांकडे. दोघे कलमांवर बोलत बसले. खत, पाणी, राखण, छाटणी. कंटाळा. जाताना माझ्याजवळ थांबला. म्हणाला, “श्री, तुला नको असतील तरच मी हात लावीन. तुझ्या मुंजीत अप्पांनी लावलेलं कलम हाय त्यात, विहिरीमागचं. नीट विचार कर.” मला हसूच आलं. घे रे बाबा, म्हटलं. पंधरा वर्षं गल्फमध्ये काढून हा माणूस आता झेला घेऊन आंबे उतरवणार. कीव आली बिचाऱ्याची.

११ एप्रिल

रंग वाळत नाही. होडीचा रंग उघड्या वाऱ्यात वाळतो म्हणे. धूळ बसू नये म्हणून मी वर्तमानपत्र घातलं होतं, ते चिकटलं. आता कव्हरवर छोट्या जाहिरातींचा कोपरा उलटा उमटलाय. बटणं दाबली की दाबलेलीच राहतात. अनिशची मेल आली की गेम कधी पाठवताय. उत्तर दिलं की थोडी कळ काढ, डोळे दिपतील.

१९ एप्रिल, सोमवार

पॅकिंग. रजा टाकली. थर्माकोल कुठेच मिळेना, चिडचिड झाली. शेवटी अप्पांनी आंब्याची रिकामी पेटी आणि पेंढा काढून दिला. पेटी मोठी, गेम लहान. पोकळी राहिली की माल हलतो, म्हणाले, आणि काठी टेकत बागेत गेले. माझ्या मुंजीच्या कलमाचे दोन डझन कडक आंबे घेऊन आले. खाली बसता येत नाही, म्हणून पेटी झोपाळ्यावर ठेवून एकेक आंबा स्वतः लावला. पेंढा, आंबा, पेंढा. मध्ये माझा गेम. तासभर लावत होते. म्हाताऱ्या माणसाला तेवढाच विरंगुळा, म्हणून मी अडवलं नाही. संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सने पेटी रवाना. यश आता फोनच्या अंतरावर.

२२ एप्रिल, अक्षय्य तृतीया

सकाळपासून फोनजवळ बसून होतो. अप्पा धुतलेला सदरा घालून समोर येऊन उभे राहिले. म्हणाले, “अरशदने पुन्हा विचारलंन्. शेवटचं विचारतो, श्रीपती. तू बघणार असलास तर मी त्याला आत्ता नाही सांगतो.” देऊन टाका, म्हटलं. आणि जरा बाजूला सरका, फोनची वायर पायात येते.

दुपारी करार झाला. यंदाचा उरलेला आंबा धरून दहा वर्षं. अरशदने पेढे आणले. मी दोन खाल्ले. संध्याकाळी अप्पा एकटेच बागेत जाऊन आले आणि जेवले नाहीत. मनस्विनी म्हणाली, जाऊन जरा जवळ बसा. जाणार होतो, पण तेवढ्यात फोन आला असता तर?

फोन आला नाही.

२४ एप्रिल

अनिशचा फोन. गेम चालू होत नाही. घरभर रंगाचा वास सुटलाय, त्याची आई ओरडतेय. मी प्रवासातल्या धक्क्यांबद्दल बोलू लागलो. त्याने मध्येच हळू आवाजात विचारलं, “काका, आधी चालत होता?” हो म्हटलं. मग म्हणाला, “मी लिहिलं होतं ना, काही करू नका.” पैशाचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही.

मला काका म्हणाला हे फार लागलं. चाळिशी अजून व्हायची आहे.

ठेवताना विचारतो, सोबतच्या हिरव्या आंब्यांचं काय करू? मी तडकलो. म्हटलं, काही करायचं नाही. आठ-दहा दिवस पेंढ्यात तसेच राहू दे. दाबून बघायचं नाही, सारखं उघडायचं नाही. बरं म्हणाला. याला साधा गेम समजला नाही, आंबा काय समजणार.

३ मे, सोमवार

पुन्हा अनिश. मी घरी नाही असं सांगायला लावलं, पण मनस्विनीने रिसीव्हर हातातच दिला. आंबे त्याने खरंच हात न लावता ठेवले होते. काल पेंढा बाजूला केला तर शेजारचे विचारायला आले म्हणे. त्याची आई रंगाचं सगळं विसरली. तो यंदा मिळतील तेवढ्या पेट्या मागतोय. ऑफिसातल्या लोकांना हव्यात, ग्रुपवाल्यांनाही, आणि दर वर्षी. “काका, तुम्ही हाच धंदा का नाही करत?” म्हणाला.

संध्याकाळपर्यंत अपमान वाटत होता. मग लख्ख दिसलं. संग्राहकांना एकाच झाडाचा, नंबर घातलेला आंबा. कोकण एडिशन! मला हे आधीच सुचलं होतं, फक्त वस्तू चुकली. धावत अप्पांकडे गेलो. उद्यापासून बाग मी बघतो म्हटलं. फवारणी, राखण, सगळं. बोलत सुटलो.

अप्पा सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला. म्हणाले, “दोनदा विचारलं मी तुला, एकदा अरशदने. तू एकदा जरी थांब म्हणाला असतास, तर मी थांबलो असतो रे. आता अरशदला विचार.” आणि तोंड फिरवलं. अप्पांचे डोळे भरलेले मी आई गेली तेव्हा पाहिले होते. आज पहिल्यांदा त्यांच्याजवळ बसलो. झोपाळा त्यांनीच हलवला, मला लहानपणी हलवायचे तसा.

५ मे

अनिशसाठी पेट्या हव्यात म्हणून अरशदला फोन केला. हो म्हणाला लगेच. तुझ्या माणसांना चांगल्यातल्या देतो, म्हणाला. मग विचारलंन्, गेमचं काय झालं? सुट्टीत माझ्या पोरीला, महरीनला, बागेतल्या खोपीत खेळायला हवाय, वाईच देशील काय? गेम बाहेरगावी आहे असं सांगितलं.

ठेवता ठेवता म्हणाला, “तुझं मुंजीचं कलम यंदा नुसतं वाकलंय. ये बघायला. पण येताना फोन करून ये हां. राखणीला नवा कुत्रा आणलाय, तो तुला वळखायचा नाय.”

बरं म्हटलं.